मावशींनी चित्र बघायला मागितलं आणि मी कॅनव्हास वळवला

पत्र थोडक्यात : ठाण्याहून ५४ वर्षांच्या एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांनी तैलरंगाचा क्लास लावला, त्याला आता सात महिने झाले. दर रविवारी समोर मॉडेल बसवून पोर्ट्रेट करतात. घरी मोबाइलमधल्या फोटोवरून त्या जी चित्रं करतात ती नातेवाइकांना आवडतात, दोन तर फ्रेम होऊन भिंतीवर गेली. क्लासमध्ये मात्र 'चेहऱ्याचा नुसता चिखल होतो'. शेजारची विशीतली मुलं तासाभरात माणूस उभा करतात. गेल्या महिन्यात सरांनी न विचारता, सगळ्यांसमोर, पॅलेट नाइफने त्यांचा अर्धा चेहरा खरवडून काढला. त्याच दिवशी मॉडेल म्हणून बसणाऱ्या साठीच्या मावशी चहाच्या सुट्टीत म्हणाल्या, 'बघू, माझं कसं आलंय?' आणि यांनी कॅनव्हास भिंतीकडे वळवला. पुढच्या सत्रात न्यूड, म्हणजे विवस्त्र मॉडेल बसणार आहे. नवऱ्याला सांगितलं तर तो काहीच बोलला नाही, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. टर्पेंटाइनच्या वासावरून घरात कुरबुर आहेच. त्यांचा प्रश्न : 'माझ्यात ते नाही हे मान्य करून क्लास सोडावा आणि घरी फोटोवरूनच करत राहावं का?'

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात रंग, सर, नवरा, सासूबाई असे सगळे सविस्तर भेटले. मावशी मात्र चारच ओळींत. मी त्या चार ओळींपाशी अडकले आहे. तिथे येतेच, पण आधी तुमच्या खात्यातला विषय घेऊ : हिशेब.

सात महिने म्हणजे दांड्या, सणवार, लग्नकार्यं वजा जाता फार तर २८ रविवार. तीन तासांच्या बैठकीत मॉडेल वीस-पंचवीस मिनिटं बसणार, मग पाठ मोकळी करायला उठणार. चहा, मांडामांड, पॅलेट लावणं, ब्रश धुणं सोडलं तर प्रत्यक्ष काम होतं ते दोन तास. एकूण ५६ तास. नोकरीच्या भाषेत जेमतेम दीड आठवडा. बँकेत रुजू झाल्यावर दीड आठवड्यात तुम्हाला एकटीला कॅश सांभाळायला दिली होती का? आणि दिली असती, संध्याकाळी फरक आला असता, तर 'माझ्यात ते नाही' म्हणून राजीनामा दिला असतात?

शेजारच्या मुलांचं म्हणाल, तर ती बहुधा कलाशाळेतली किंवा तिच्या वाटेवरची आहेत. ती मुलं रोज स्केचबुक घेऊन फिरतात, स्टेशनच्या बाकड्यावर झोपलेली माणसं काढतात, घरच्यांनी जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. त्यांच्या एका तासामागे असे काही हजार तास आहेत. तुलना करायचीच असेल तर तुमच्या पहिल्या रविवारच्या कॅनव्हासशी करा. तो फेकला नसेल अशी आशा आहे.

आता तुम्हाला उघड वाटणारं एक वाक्य : 'घरी जमतं, क्लासमध्ये जमत नाही.' यात तुम्ही धरून चालला आहात की दोन्हीकडे काम एकच आहे. तसं ते नाही. फोटोत निम्मं काम आधीच उरकलेलं असतं. गोल डोकं सपाट झालेलं असतं. कुठला उजेड ठेवायचा, कुठली सावली पार काळी करायची, ते कॅमेऱ्याने ठरवलेलं असतं. हल्लीचे फोन तर कातडीही परस्पर गुळगुळीत करून देतात. जवळून काढलेला फोटो असेल तर नाक फुगतं, कान मागे पळतात, आणि आपण ते इमानेइतबारे उतरवतो. याला मी कमी लेखत नाही. त्यालाही नजर आणि चिकाटी लागतेच. पण त्या दळून आणलेल्या पिठाच्या पोळ्या आहेत. क्लासमध्ये तुमच्यापुढे गव्हाचं पोतं ठेवलं आहे.

समोर बसलेला माणूस श्वास घेतो. त्याला कंटाळा येतो. खिडकीतला उजेड सरकतो. आमच्या कलाशाळेत एक बाबा बसायचे, दुपारच्या बॅचला त्यांना हमखास डुलकी लागायची. दर पाच मिनिटांनी हनुवटी छातीकडे सरकायची, मग दचकून वर. मी दोन तास त्या हनुवटीचा पाठलाग केला आणि शेवटी कागदावर तीन हनुवट्यांचे एक बाबा उरले. सुट्टीनंतर मॉडेल पुन्हा तशीच बसत नाही. पायांभोवती खडूने खुणा केल्या तरी खांदा कुठेतरी उतरतोच. यातली कुठली स्थिती धरून ठेवायची आणि पुढचं हलणं कुठवर दुर्लक्षायचं, हे तुम्हालाच ठरवायचं असतं. घरी हा निर्णय फोटो काढणाऱ्याने करून ठेवलेला असतो, म्हणून तिथे हलकं वाटतं.

चिखल होण्याचं कारण मात्र फार साधं आहे. तैलरंग बराच वेळ ओला राहतो. त्याची गंमत तीच आणि त्रासही तोच. खालचा थर ओला असताना वर ब्रश घासत राहिलं की दोन्ही एकमेकांत कालवले जातात. पाच-सहा ट्यूबांमधले रंग असे एकत्र झाले की राखाडी-तपकिरी काहीतरी शिल्लक राहतं. ब्रश टेकवायचा, उचलायचा, चिंधीला पुसायचा. दुसऱ्यांदा त्याच जागी फिरवायचा मोह झाला तर हात मागे घ्यायचा. आणि तुमचं चित्र न बघताच सांगते, तुम्ही पांढरा फार वापरता. उजेड दाखवायचा म्हणून पांढरा, मग आणखी पांढरा. रंग उजळत नाही, खडूसारखा थंड होतो. ट्यूबवर 'फ्लेश टिंट', म्हणजे कातडीचा रंग, असं लिहिलेलं असतं तो कुठल्या देशातला माणूस आहे कोण जाणे! आपल्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांचा उजेडातला भाग यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) बऱ्यापैकी पेलतात. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर जी चकाकी दिसते ती खिडकीबाहेरच्या आभाळाची असते, म्हणून किंचित निळसर. तीही दोन-तीनच ठिकाणी.

पुढचे चार रविवार फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा घेऊन जा. चेहरा काढायचाच नाही असं समजा. उजेडाची जागा आणि सावलीची जागा, बस. डोळे इतके बारीक करा की पापण्यांच्या केसांमधून धूसर दिसेल. बारकावे विरून जातात आणि मोठे आकार उरतात. ८ किंवा १० नंबरचा चपटा ब्रश घ्या आणि पार मागच्या टोकाला धरा. गुडघे ऐकत असतील तर उभ्याने काम करा आणि दर थोड्या वेळाने चार पावलं मागे जा. नाकाला कॅनव्हास लावून बसणाऱ्याला नाकच दिसतं. डोळे-ओठ यांना शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत हात लावायचा नाही, भले मावशींना तोवर डोळेच नसले तरी. त्यानंतर चार रंगांवर या : पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०-१९२०) यांच्या नावाने ही पॅलेट ओळखली जाते. व्हर्मिलियन महाग वाटलं तर त्याच छटेचा कुठलाही लाल चालेल. गंमत बघा, या पॅलेटमधला काळा पांढऱ्यात मिसळला की शेजारच्या उबदार रंगांमुळे निळा भासतो. चार ट्यूबांत चिखल करायचा म्हटलं तरी मेहनत घ्यावी लागते. आणि सरावासाठी कॅनव्हासवर पैसे घालू नका. जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) लावलेला जाड पुठ्ठा, १० बाय १२ इंच, पुरे.

आता सर. विद्यार्थ्याच्या चित्राला न विचारता हात लावणं, तेही वर्गासमोर, मला पटत नाही. शिकवणाऱ्याच्या हाताला ती खोड लागते. मलाही एकेकाळी होती, आणि एका मुलीने मला शांतपणे थांबवलं होतं. तुम्हीही क्लास सुटल्यावर सांगा, 'सर, खरवडायचं असेल तर मला सांगत जा, मी खरवडते.' एवढं पुरतं. पण खरवडणं ही शिक्षा होती असं तुम्ही धरून बसला आहात, ते मात्र मनातून काढा. लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत हेन्री टाँक्स नावाचे प्राध्यापक होते. मूळचे सर्जन. पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर भयंकर जखमा झालेल्या सैनिकांची चित्रं त्यांनी शस्त्रक्रियांच्या नोंदीसाठी काढली होती, म्हणजे चेहऱ्याकडे बघायला घाबरणारा माणूस नव्हे. बैठक संपली की ओल्या चित्रावर वर्तमानपत्राचा कागद दाबून जादा रंग टिपून घ्यायचा, ही रीत त्यांच्या नावावर आहे. चित्रकारांच्या बोलण्यात तिला आजही 'टाँकिंग' म्हणतात. कागद सोलून काढला की तपशील निघून जातो, मऊ, धूसर चेहरा राहतो आणि पुढच्या रविवारी काम करायला जागा मिळते. यापुढे सरांच्या आधी तुम्हीच कागद दाबा. रविवारची पुरवणी या कामाला उत्तम, आकार मोठा असतो.

न्यूडचा प्रश्न तुम्ही घरच्यांचा म्हणून लिहिला आहे. मला तो आधी तुमचा वाटतो. तुम्हाला ते शिकायचं आहे का? पत्रभर तुम्ही चेहऱ्यांबद्दल बोलता. चेहऱ्यांसाठी न्यूड केलंच पाहिजे असं नाही. डोकं मानेवर कसं बसतं, गळ्याखालची हाडं, हाताचे पंजे, एवढ्यातच तुमची दोन वर्षं सहज जातील. 'या सत्रात मी येत नाही, घरी चारकोलने हात आणि डोकी करते' असं म्हणालात तर तुमचं काही उणं होत नाही.

पण शिकायचं आहे, आणि फक्त लोक काय म्हणतील म्हणून अडलं आहे, असं असेल तर एक जुनी हकिगत ऐका. १७६८ मध्ये लंडनची रॉयल अकॅडमी निघाली तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन चित्रकर्त्री होत्या. काही वर्षांनी चित्रकार योहान झोफानीने सभासदांचं एकत्र चित्र रंगवलं, प्रसंग मॉडेल बसवण्याचा. सगळे पुरुष मॉडेलभोवती जमले आहेत. आणि या दोघी? भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरी. मॉडेल उघड्या अंगाचा, म्हणून बायकांना खोलीतच जागा नाही, संस्थापक असल्या तरी! तिथल्या विद्यार्थिनींना अशा मॉडेलसमोर बसू द्यायला १८९३ साल उजाडलं, तेही त्याच्या कमरेला भरपूर कापड गुंडाळून. पॅरिसच्या एकोल दे बोझार् या कलाशाळेत मुलींना प्रवेशच मुळी १८९७ मध्ये मिळाला. आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे मुलगे पिढ्यान् पिढ्या ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती घोटत बसले होते. न्यूड मॉडेलचा वर्ग कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन तिथे प्रमुख म्हणून आल्यावर, १९१९ च्या सुमारास सुरू झाला. ठाण्यात रविवारी सकाळी कुणी तुम्हाला नुसतं विचारतंय, 'येणार का?', याला एवढा इतिहास लागला आहे. 'नाही' म्हणायचं तर खुशाल म्हणा, फक्त ते सासूबाईंच्या वतीने म्हणू नका.

जायचं ठरलं तर क्लास नीट चालतो का ते आधी बघा. हे इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावं, कारण नाशिक, सांगलीहूनही असंच विचारणारी पत्रं आली आहेत. दार बंद हवं आणि फोन बाहेर. कपडे बदलायला आडोसा हवा, सुट्टीत अंगावर घ्यायला गाउन हवा. कसं बसायचं ते शिक्षक सांगतील, तेही हात न लावता; बाकी कुणी सूचना द्यायच्या नाहीत. शरीरावर शेरे तर नाहीतच, कौतुकाचेसुद्धा. यातलं काही दिसलं नाही तर ते सत्र सोडा, घरच्यांची हरकत असो वा नसो. सगळं ठीक असेल तर पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखं होईल. मग आपल्या दिशेने आलेली मांडी चित्रात आखूड कशी दाखवायची या विवंचनेत तुम्ही अशा गुंतून जाल की लाजायला सवड मिळणार नाही.

नवरा गप्प राहिला त्याचा अर्थ तुम्ही 'नको' असा लावलात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या गप्प बसण्याचे चार-पाच प्रकार तुम्हाला ठाऊक असणार. हा कुठला, ते सरळ विचारा. कदाचित त्यांना काय बोलावं तेच सुचलं नसेल. आणि सासूबाईंना सांगायलाच हवं का? कुणाचं कर्ज मंजूर केलं, कुणाचं फेटाळलं, हे तुम्ही रोज घरी येऊन सांगत होतात का?

टर्पेंटाइनच्या बाबतीत मात्र मी घरच्यांच्या बाजूची आहे. बंद खोलीत त्या वाफेने डोकं धरतं. घरी ते वापरूच नका. ब्रश जवसाच्या तेलात घोळवून पुसा आणि मग अंगाच्या साबणाने धुवा. तेलाच्या चिंध्यांचे बोळे करून कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकायचे नाहीत, ही फार महत्त्वाची गोष्ट क्लासमध्ये क्वचितच सांगतात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात उष्णता तयार होते आणि चुरगळलेल्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या पाण्यात भिजवून टाका, किंवा उघड्यावर एकेक पसरून कडक वाळवून. पावसाळ्यात चित्रं वाळायला वेळ घेतात, बुरशीही येते. कपाटामागे कोंबू नका, पंख्याचा वारा लागेल अशी ठेवा.

राहता राहिला मूळ प्रश्न, सोडू का. फी परवडत नसेल, उभं राहणं झेपत नसेल, किंवा सांगूनही सर पुन्हा वर्गासमोर तसंच वागले, तर सोडा, दुसरा क्लास बघा. 'जमत नाही' या कारणावर मात्र अजून तीन महिने थांबा, आणि त्या तीन महिन्यांत क्लासमधलं एकही चित्र घरी आणायचं नाही, कुणाला मोबाइलवर पाठवायचं नाही. तुमच्या डोक्यात रविवारचं चित्र आधीच कुणाच्या तरी भिंतीवर लागलेलं असतं, म्हणून हात आखडतो. फोटोवरची चित्रं चालू ठेवा, त्यातून आनंद मिळतो, तो कशाला घालवायचा? फक्त आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. गोव्याचे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद (१८७०-१९३५), जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांनी बायकोला आणि मुलींना किती वेळा रंगवलं ते पणजीला फुंदासाव ओरिएंत या सांस्कृतिक संस्थेत जाऊन बघण्यासारखं आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली हातात दिवा धरलेली बाई सगळ्यांना ठाऊक असते. जलरंगातली आहे ती. सावळाराम हळदणकरांनी तिच्यासाठी स्वतःच्या मुलीलाच उभं केलं होतं. तुमच्याकडे पेपर वाचणारा नवरा आहे. वीस मिनिटं हलत नाही, पैसे मागत नाही. गप्प बसण्याचा अर्थही त्या निमित्ताने उलगडेल. ते नाही म्हणाले तर आरसा आहेच.

आता मावशी. वीस-पंचवीस मिनिटं न हलता, असं तीन तास बसणं हे काम आहे, अंगमेहनतीचं. मान आखडते, पायाला मुंग्या येतात, नाक खाजतं तेव्हाच सगळे नाकापाशी आलेले असतात. अमृता शेर-गिलने १९३३ मध्ये पॅरिसमध्ये एका मॉडेलचं तैलचित्र केलं, नाव दिलं 'प्रोफेशनल मॉडेल'. त्यातली बाई सुंदर करण्याच्या भानगडीत ती पडली नाही. खांदे पडलेले, अंग थकलेलं, पोटासाठी बसलेली बाई आहे ती. शेर-गिल तेव्हा विशीतली होती. चुकतमाकत का होईना, तिने समोरच्या बाईकडे पाहिलं. तुम्ही त्या दिवशी मावशींसमोर बसून मुलांकडे, सरांकडे आणि स्वतःकडे बघत होतात, असं तुमचं पत्र मला सांगतं.

मावशींनी 'चांगलं आलंय का' असं विचारलं नव्हतं. 'कसं आलंय' असं विचारलं होतं. त्यांनी आजवर स्वतःचे शेकडो चेहरे बघितले असतील, वाकड्या नाकाचे, एका कानाचे, कुणी उगाच तरुण केलेले. तुमच्या सरांपेक्षा त्यांनी चिखल जास्त पाहिला आहे. तुमच्या अर्ध्या खरवडलेल्या चेहऱ्याने त्या दुखावल्या नसत्या. कॅनव्हास वळवल्यावर त्यांना काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको.

येत्या रविवारी चहाच्या सुट्टीत दोन कप घेऊन या, ईझल त्यांच्याकडे फिरवा आणि म्हणा, 'अजून जमत नाहीये, डावी बाजू तर गेलीच.' त्या काय म्हणतात ते ऐका. मान कुठे दुखते, कुठल्या बाजूला टेकू हवा, तेही विचारा. आणि एक राहिलं. पत्रात तुम्ही सगळीकडे 'मॉडेल मावशी' लिहिलं आहे. नाव माझ्यापासून राखलंत, की तुम्हालाच ठाऊक नाही? ठाऊक नसेल तर आधी ते विचारा, चहा नंतर.